दाट वस्तीतली चौसष्ट घरे: आकार, उजेड, पाणी आणि महिन्याचा खर्च

एका वास्तुविशारदाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या जुन्या, दाट भागात २,००० चौरस मीटरचा भूखंड आहे. एका गृहनिर्माण सहकारी संस्थेला तिथे ६४ कुटुंबांसाठी घरे बांधायची आहेत. अडीच चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट, जिने, गॅलऱ्या, भिंती सगळे धरून ५,००० चौरस मीटर बांधकाम. सभासदांमध्ये दोन तट पडले आहेत. एकांना तेरा मजली टॉवर हवा आहे, कारण मग खाली मोकळी जागा राहील. दुसऱ्यांना उंच इमारतीची धास्ती वाटते. पर्यावरणपूरक गोष्टींची यादी तयार आहे, पण अंदाजपत्रकात ती बसत नाही. अशा वेळी काय ठेवावे आणि काय सोडावे?

माझे मत आधी सांगतो, कारणे नंतर. यादीला आत्ता हात लावू नका. घर परवडेल का आणि टिकेल का, हे बहुतांशी इमारतीचा आकार, तिची जाडी (पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर), पाण्याच्या नळांची जागा आणि कॉलममधले अंतर ठरवतात. या चार गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत कागदावर ठरतात आणि तेव्हा त्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्या चुकल्या, तर पुढे कितीही यंत्रे बसवली तरी भरपाई होत नाही.

आणखी एक गोष्ट सभासदांशी सुरुवातीलाच बोलून घ्या. परवडणारे घर म्हणजे बांधकामाचा दर कमी असलेले घर, असा समज पक्का रुजलेला असतो. कुटुंबाच्या दृष्टीने खरा आकडा महिन्याचा असतो: हप्ता किंवा भाडे, वीज, पाणी, देखभालीची वर्गणी आणि कामावर-शाळेत जाण्यायेण्याचा खर्च. बांधकामात वाचवलेले पैसे दर महिन्याच्या वीजबिलातून आणि दुरुस्तीतून परत गेले, तर ते घर स्वस्त नव्हतेच. प्रत्येक पर्याय सभासदांपुढे याच महिन्याच्या आकड्यात मांडा. वाद निम्म्याने कमी होतील, कारण मग सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात.

आता टॉवरचा हिशेब. एका मजल्यावर ४०० चौरस मीटर धरले तर ५,००० साठी साडेबारा, म्हणजे तेरा मजले लागतात. दुसरा पर्याय पाहा. भूखंड ५० बाय ४० मीटरचा आहे असे समजू. चहूबाजूंनी तीन मीटर सोडले की ४४ बाय ३४ मीटर उरतात. त्या कडेने नऊ मीटर जाडीची इमारत फिरवा, मधे २६ बाय १६ मीटरचा चौक राहतो. अशा एका मजल्याचे क्षेत्र १,०८० चौरस मीटर होते. आता एक कोपरा, नऊ बाय नऊचा, पूर्ण काढून टाका. उरतात ९९९. पाच मजल्यांचे ४,९९५ झाले. तेच क्षेत्र, तेवढीच घरे, तेराऐवजी पाच मजले.

यात नवे काही नाही. केंब्रिजमध्ये लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी १९६० च्या दशकातच गणिताने दाखवले होते की मोकळ्या जागेत एकटा उभा टॉवर आणि कडेने फिरणारी बुटकी इमारत यांतून सारखेच क्षेत्र मिळू शकते. तरीही दाट म्हणजे उंच हे समीकरण लोकांच्या मनातून जात नाही. मोकळ्या जागेबद्दल म्हणाल, तर टॉवरभोवती उरणारी जागा मोठी दिसते खरी. पण ती चारही बाजूंना विभागलेली असते आणि तिच्यात बहुधा गाड्या उभ्या राहतात. चौकातली जागा क्षेत्रफळाने कमी असली तरी एकसंध असते, घरांच्या नजरेखाली असते आणि तिथे मूल एकटे सोडता येते.

तो कोपरा मी का काढला, हे नीट समजून घ्या. पूर्ण बंद चौकाचे दोन त्रास असतात. एक, आतल्या कोपऱ्यातल्या घरांना खिडक्या काढायला भिंतच उरत नाही. तिथल्या खोल्या अंधाऱ्या होतात आणि कोपऱ्यावरची दोन घरे एकमेकांच्या खिडकीत डोकावतात. दोन, हवा आत शिरत नाही. उष्ण हवामानात वाऱ्याच्या मुख्य दिशेचा कोपरा उघडा, थंड हवामानात हिवाळ्यातले ऊन जिथून येते तो. दोन्ही ठिकाणी अग्निशमन दलाच्या गाडीला आत यायला तीच वाट होते. प्रत्येक मजल्यावर एक घर कमी होईल म्हणून विकासक याला हमखास विरोध करतात. वरचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा: कोपरा काढूनही क्षेत्र भरते.

पाच मजल्यांची उंची साधारण पंधरा मीटर, चौकाची कमी रुंदी सोळा. हे प्रमाण चालते. मजले वाढवून चौक तसाच ठेवला तर मात्र तळाची घरे विहिरीच्या तळाशी गेल्यासारखी होतात, तेव्हा तो मोह टाळा. कमी अंतरातही उजेड राखता येतो, पण त्यासाठी छेदचित्रावर, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणाऱ्या चित्रावर, बसून काम करावे लागते. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरातले गोल्डस्मिथ स्ट्रीट हे त्याचे उत्तम उदाहरण. महापालिकेने भाड्याने देण्यासाठी बांधलेली शंभरेक घरे, मिखाइल रिचेस या वास्तुविशारद संस्थेची रचना, २०१९ चे स्टर्लिंग हे ब्रिटनमधले वास्तुकलेचे पारितोषिक. तिथे घरांच्या ओळींमधले अंतर नेहमीच्या २१ मीटरऐवजी १४ मीटर ठेवले आणि मागच्या ओळीला ऊन मिळावे म्हणून छपरांचा उतार ठरवला. समोरासमोरच्या खिडक्यांच्या जागाही काळजीने निवडल्या. अंतर कमी केल्यामुळे जागा वाचली, आणि घरे पॅसिव्ह हाऊसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या, कडक निकषात बसली. परवडणारी घरे म्हणजे दुय्यम दर्जाची घरे असे मानणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण देतो.

टॉवरच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा आहे, तो लपवू नये. आपल्या उदाहरणात बुटक्या इमारतीची बाहेरची भिंत सुमारे ३,६०० चौरस मीटर भरते, टॉवरची सुमारे ३,१००. शिवाय बुटक्या इमारतीचे छप्पर मोठे. जिथे कडाक्याची थंडी असते, तिथे प्रत्येक चौरस मीटर बाहेरच्या भिंतीतून उष्णता जाते, त्यामुळे अशा ठिकाणी जाडी नऊवरून अकरा-बारा मीटरवर न्यावी, आकार जास्तीत जास्त सरळ ठेवावा आणि खाचाखोचा टाळाव्यात. उष्ण प्रदेशात उलट: पातळ इमारत हेच पहिले वातानुकूलन. दुसऱ्या बाजूला, उंची वाढली की कॉलम जाड होतात, पाया खोल जातो, अग्निसुरक्षेचे नियम कडक होतात, पाणी वर चढवायला जास्त वीज लागते आणि लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचे म्हातारे माणूस घरात अडकते. हे सगळे महिन्याच्या वर्गणीत उतरते.

जाडीकडे परत येतो, कारण मला सर्वांत जास्त तिच्याबद्दलच बोलायचे आहे. वरच्या नऊ मीटरमध्ये चौकाच्या बाजूची सुमारे दोन मीटरची गॅलरी धरली आहे. म्हणजे घर सात मीटर जाड, साधारण नऊ मीटर रुंद, साठ-बासष्ट चौरस मीटरचे, आणि समोर-मागे दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत पोचतो, हा जुना ठोकताळा आहे. वरची कड २.१ मीटरवर असेल तर पाचेक मीटर, ती २.४ वर नेली तर सहा. सात मीटर जाड घरात कोणतीही जागा खिडकीपासून साडेतीन मीटरहून दूर नसते. दिवसा दिवा लावावा लागणार नाही, हे यंत्राशिवाय साधले. म्हणून खिडकी रुंद करण्याआधी उंच करा. काच तेवढीच ठेवली तरी उजेड जास्त आत जातो.

हवेचेही तसेच. एकाच बाजूला खिडकी असेल तर वारा छताच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पट अंतरापर्यंतच काम करतो. दोन समोरासमोरच्या बाजूंना उघडी जागा असेल तर पाच पटीपर्यंत. पण नकाशावर आरपार दिसणारा वारा रात्री मरतो. कारण साधे आहे: झोपताना लोक खोलीचे दार लावतात. दार लागले की आरपार वाट तुटली. त्यामुळे आतल्या प्रत्येक दाराच्या वर उघडझाप होणारी झडप द्या, तीस-चाळीस सेंटिमीटर उंचीची, आणि बाहेरच्या दाराच्या वरही जाळीची झडप द्या. सुताराचे थोडेसे काम, पण उकाड्याच्या रात्री घरातली झोप याच्यावर अवलंबून असते. जुन्या घरांत या झडपा असायच्या. खोल्यांची उंची कमी करताना त्या गेल्या आणि त्यांची आठवणही गेली.

गॅलरीबद्दल आक्षेप येईल: येणारा-जाणारा प्रत्येक जण खिडकीतून आत पाहतो, मग लोक पडदे लावून घेतात आणि तो उजेड वाया जातो. आक्षेप खरा आहे. उपाय असा की गॅलरी भिंतीला चिकटवू नका. भिंत आणि गॅलरी यांत साठ ते नव्वद सेंटिमीटरची फट ठेवा आणि फक्त दारासमोर छोटा पूल द्या. चालणारा माणूस खिडकीपासून दूर जातो, फटीतून खालच्या मजल्याला उजेड आणि हवा मिळते, आणि दारासमोरचा पूल आपोआप त्या घराचा ओटा होतो. तिथे चपला राहतात, कुंडी राहते. फटीला कठडा आणि जाळी नीट हवी, मुले आहेत. स्वयंपाकघर गॅलरीच्या बाजूला ठेवा म्हणजे काम करता करता चौकातले मूल दिसते. झोपायच्या खोल्या दुसऱ्या बाजूला. मात्र रस्ता फार आवाजाचा असेल तर ही अदलाबदल करून पाहा, रात्रीची शांतता जास्त महत्त्वाची. गॅलरीमुळे आणखी एक बचत होते: दोन लिफ्टमध्ये ६४ घरे भागतात. पाच मजल्यांना लिफ्ट नको असे कोणी म्हणेल, तर त्यांना पाठीवर बाळ आणि दोन्ही हातांत सामान घेऊन चौथा मजला चढणाऱ्या आईबद्दल विचारा. कुटुंबांची घरे बांधतो आहोत, तर लिफ्ट हवीच.

कुटुंब हा शब्द प्रश्नात आहे, पण आराखड्यांतून तो लवकर हरवतो. घरे किती, हा आकडा मोठा दिसावा म्हणून सगळी घरे लहान केली जातात आणि तीन खोल्यांची घरे जवळजवळ नाहीशी होतात. मग दुसरे मूल झाले की कुटुंब त्या वस्तीतून निघून जाते, शाळा सुटते, शेजार सुटतो. निदान एक चतुर्थांश घरे मोठी ठेवा आणि ती तळमजल्यावर व पहिल्या मजल्यावर द्या. यान गेल या डॅनिश वास्तुविशारदाने आयुष्यभर रस्ते आणि इमारती पाहून मांडलेले निरीक्षण असे, की पाचव्या मजल्यानंतर जमिनीवरच्या आयुष्याशी घराचा संबंध तुटतो. लहान मुलांच्या बाबतीत तो आणखी आधी तुटतो. चौकात खेळणाऱ्या मुलाला हाक ऐकू गेली पाहिजे.

झोपायची खोली २.७ मीटरपेक्षा अरुंद करू नका. दोन पलंग आणि अभ्यासाचे एक टेबल या रुंदीत बसते, २.४ मध्ये बसत नाही. दोन खोल्यांमधली भिंत भार घेणारी नसावी, म्हणजे मुले मोठी झाल्यावर ती सरकवता येते किंवा काढता येते. कपडे वाळवायची जागा पहिल्या दिवसापासून आराखड्यात दाखवा. ती दाखवली नाही तर बैठकीच्या खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची ओल भिंतींत जाते आणि बुरशी धरते. पाहुण्यांसाठी किंवा आजारपणात लागणारी जादा खोली प्रत्येक घरात देणे परवडत नाही, पण संपूर्ण इमारतीसाठी अशा दोन-तीन खोल्या ठेवता येतात. झुरिकमध्ये ट्राम डेपोवर उभ्या असलेल्या काल्कब्राइटे या सहकारी संस्थेने २०१४ मध्ये हेच केले. लागेल तेव्हा काही महिने किंवा वर्षे भाड्याने घ्यायच्या वेगळ्या खोल्या ठेवल्या, आणि त्यामुळे मूळ घरे आटोपशीर ठेवता आली.

आता पाणी. कोणत्याही इमारतीत वीस वर्षांनी भांडणे कशावरून होतात, तर गळतीवरून. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाठीला पाठ लावून, शेजारच्या दोन घरांची मिळून नळांसाठी एकच डक्ट, म्हणजे उभी पोकळी, आणि ती तळापासून गच्चीपर्यंत सरळ रेषेत. वरच्या मजल्यावर आराखडा बदलायची हौस आली तरी डक्टची जागा बदलायची नाही. एक वाकण दिले की तिथे कचरा साचतो. डक्टचे दार गॅलरीतून उघडले पाहिजे, घरातून नव्हे. प्लंबरला आत उभे राहून पाना फिरवता यावा एवढी, निदान पंचाहत्तर ते नव्वद सेंटिमीटर मोकळी जागा हवी, प्रत्येक मजल्यावर उभे राहायला जाळी हवी, आणि प्रत्येक घराची पाण्याची चावी व मीटर तिथेच हवे. म्हणजे कुणाच्याही घरात न शिरता, कुणी गावाला गेले असले तरी, गळती थांबवता येते. नळ भिंतीत गाडू नका. उघडे नळ थोडे विद्रूप दिसत असतील, पण दुरुस्तीला टाइल्स फोडाव्या लागत नाहीत. मीटर घरोघरी बसवले की पाण्याचा वापर आपसूक कमी होतो, कारण शेजाऱ्याच्या उधळपट्टीचे पैसे आपण भरत नाही एवढी खात्री पुरते.

बांधकामाच्या साहित्याबद्दल लोक बांबू, माती, दगड अशा चर्चा उत्साहाने करतात. पाच मजली इमारतीत खरा वाटा काँक्रीट आणि सळईचा असतो, तिकडे पाहा. सिमेंटचे उत्पादन जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला ७ ते ८ टक्के वाटा उचलते. तेव्हा पहिले काम म्हणजे काँक्रीट कमी वापरणे. कॉलममधले अंतर चार ते पाच मीटर ठेवले तर स्लॅब पातळ राहतो. सात-आठ मीटरचा हट्ट धरला की स्लॅब आणि बीम दोन्ही जड होतात. कॉलम तळापर्यंत सरळ आणा. खाली गाड्या किंवा दुकाने बसवण्यासाठी मधेच कॉलमची जागा बदलली की तो भार पेलणारे मोठे बीम घालावे लागतात, आणि त्यातच कितीतरी घरांच्या फरशांचे पैसे जातात. कॉलममधले सगळे गाळे सारखे ठेवले तर तेच शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे) पुन्हा पुन्हा वापरता येते. कमी साहित्य आणि कमी खर्च, दोन्ही इथे एकाच दिशेला आहेत.

दुसरे काम मिश्रणाचे. सिमेंटचा काही भाग स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय ॲशने (कोळशाची राख) बदलता येतो. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती वापरणारे एलसी३ सिमेंट जिथे मिळते तिथे तेही पाहा. त्यात क्लिंकरचे, म्हणजे सिमेंटच्या भट्टीत भाजलेल्या मुख्य घटकाचे, प्रमाण साधारण निम्म्यावर येते. फ्लाय ॲशसारख्या मिश्रणांची ताकद सावकाश वाढते. म्हणून पायासाठी २८ दिवसांऐवजी ५६ दिवसांची ताकद मोजायची असे स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बोलून निविदेतच लिहा. पायावर पूर्ण भार यायला तसेही महिने लागतात. हे निविदेत नसले तर कंत्राटदार घाईसाठी सिमेंट वाढवत राहतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

गाड्या हा एकटा विषय सगळे गणित उलटवू शकतो. येण्याजाण्याची वाट धरून एका गाडीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या घराचा जवळजवळ निम्मा भाग. ६४ गाड्या धरल्या तर पावणेदोन हजार चौरस मीटर, बहुधा जमिनीखाली, खोदकाम आणि पंप यांच्यासह. ज्याच्याकडे गाडी नाही तोही हे पैसे भरतो. दाट वस्तीत बस-रेल्वे पायी अंतरावर असते, ती या जागेची सर्वांत मोठी देणगी आहे. नियम सवलत देत असेल तर घ्या. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची सक्तीच काढून टाकली. सवलत नसेल तर अर्ज करा, आणि निदान घराची किंमत व गाडीच्या जागेची किंमत वेगवेगळी ठेवा.

आता तुमच्या यादीकडे येतो. अंदाजपत्रक फुगले की शेवटच्या महिन्यांत कात्री लागते, आणि ती नेहमी त्याच गोष्टींना लागते ज्या निविदेत वेगळ्या ओळीत लिहिलेल्या असतात. खिडकीबाहेरच्या झडपा, सावलीचे पडदे, झाडे पहिल्या फेरीत जातात. म्हणून जे टिकायला हवे ते इमारतीच्या अंगातच घालून टाका. गॅलरी हीच खालच्या मजल्याची सावली व्हावी, स्लॅबचा छज्जा हीच खिडकीची टोपी. सावली काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा उष्णता घरात आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेची खिडकी आडव्या छज्जाने सांभाळता येते. पूर्व-पश्चिमेचे ऊन तिरपे, थेट डोळ्यांत येणारे. तिथे उभ्या झडपाच लागतात किंवा खिडकीच लहान ठेवावी लागते. थंड प्रदेशात मात्र बाहेर निघालेला स्लॅब घरातली उष्णता बाहेर वाहून नेतो, तिथे गॅलरी स्वतःच्या पायावर वेगळी उभी करा.

एवढे झाल्यावर यंत्रांना अर्थ येतो. छताचा पंखा हवा दोन-तीन अंशांनी थंड असल्याचा भास देतो आणि अगदी थोडी वीज खातो, म्हणून छताची उंची त्याला पुरेल एवढी ठेवा. गच्चीवर हलका रंग आणि वॉटरप्रूफिंगच्या वर उष्णतारोधक थर. सौर पॅनेल आधी सामाईक वापरासाठी लावा: पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे. वर्गणीतली मोठी रक्कम तिथेच जाते. बुटक्या इमारतीचा फायदा इथे पुन्हा दिसतो. प्रत्येक घराच्या वाट्याला पंधरा चौरस मीटरच्या वर छप्पर येते, टॉवरमध्ये सहाच्या आसपास.

तरीही पैसे कमी पडले तर? तेव्हा दर्जा कमी करू नका, काम अर्धवट सोडायला शिका, पण योग्य जागी. चिलीतल्या इकीके शहरात वास्तुविशारद अलेहान्द्रो अरावेना आणि त्यांच्या एलेमेंताल या चमूने २००४ मध्ये किंता मोनरॉय हा प्रकल्प केला. शंभरच्या आसपास कुटुंबे, सरकारी अनुदान घरटी सुमारे ७,५०० डॉलर, आणि जागा शहराच्या मध्यात, महागडी. त्यांनी कुटुंबांना शहराबाहेर हलवले नाही. घराचा अवघड अर्धा भाग, म्हणजे सांगाडा, जिना, न्हाणीघर, स्वयंपाकघर, बांधून दिला आणि बाकीचा भाग भरायला जागा सोडली. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी त्याआधीच ही दिशा दाखवली होती: जोते, नळ, संडास आधी आणि खोल्या जमतील तशा. बहुमजली इमारतीत हे मोकळेपण मर्यादित असते. पण फरशी, कपाटे, आतली रंगरंगोटी, दुसऱ्या खोलीची भिंत कुटुंबावर सोडता येते. पाया, वॉटरप्रूफिंग, नळ, विजेच्या तारा आणि खिडक्यांच्या बिजागऱ्या यांत मात्र एक पैसाही वाचवू नका.

एक गोष्ट विचारायची राहिली: भूखंडावर आज काय उभे आहे? जुनी इमारत असेल तर पाडण्याआधी सांगाडा तपासून घ्या. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात १९६० च्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरे, वास्तुविशारद आन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल यांनी फ्रेदेरिक द्रुओ व क्रिस्तोफ युतां यांच्यासोबत न पाडता सुधारल्या. बाहेरून पूर्ण उंचीच्या काचबंद गॅलऱ्या जोडल्या, घरे मोठी झाली, उष्णतेची गळती कमी झाली, आणि काम चालू असताना लोक आपापल्या घरांत राहत होते. २०१९ चे मीस व्हान डेर रोहे हे युरोपातले वास्तुकलेचे पारितोषिक त्याला मिळाले. उभ्या सांगाड्यात आधीच खर्च झालेले काँक्रीट असते, ते फुकट मिळते आहे असे समजा.

देखभालीचे नियोजन आराखड्याइतकेच तुमचे काम आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइसमधल्या प्रुइट-आयगो वसाहतीची गोष्ट वास्तुकलेच्या अपयशाची म्हणून सांगितली जाते. अकरा मजली ३३ इमारती, १९५० च्या दशकात बांधलेल्या, १९७२ पासून पाडायला सुरुवात. खर्च वाचवण्यासाठी लिफ्ट काही ठराविक मजल्यांवरच थांबत असे, हे खरे. पण देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा होता. शहराची लोकसंख्या घटली, भाडेकरू कमी झाले आणि पैसाच आटला. म्हणून नव्या संस्थेत पहिल्या महिन्यापासून मोठ्या दुरुस्तीचा निधी वेगळा साठवा, आणि नकाशांसोबत कोणती वस्तू किती वर्षांनी बदलावी लागेल याचा एक तक्ता द्या: पंप, लिफ्टचे दोर, गच्चीचा थर, बाहेरचा रंग.

जमिनीची किंमत आपल्या हातात नसते, पण ती चर्चेत आणणे असते. व्हिएन्नामध्ये जवळपास निम्मे रहिवासी महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. तिथे १९९५ पासून अशा प्रकल्पांसाठी स्पर्धा होतात आणि निवड करताना खर्च, वास्तुरचना, पर्यावरण आणि सामाजिक टिकाऊपणा असे चारही निकष एकत्र पाहिले जातात. तुमच्या संस्थेने निदान एवढे करावे: घर विकताना नफ्यावर मर्यादा घालणारा नियम उपविधीत आधीच लिहावा. तो नसेल तर पहिल्या विक्रीनंतर घर बाजारभावाने जाते, आणि पुढच्या कुटुंबाला ते परवडत नाही.

सभेत जाताना दोन्ही पर्यायांची लाकडी किंवा पुठ्ठ्याची मॉडेल न्या, संगणकावरची चकचकीत चित्रे नकोत. शेजारच्या इमारतींसह मॉडेल करा आणि मार्च व डिसेंबरच्या उन्हाची सावली दिव्याने दाखवा. शेजाऱ्यांनाही बोलवा. त्यांच्या खिडक्यांवर पडणारी सावली तुम्ही स्वतःहून दाखवली तर विरोध बराच मावळतो. शेवटी, करारात स्वतःसाठी एक कलम घाला: लोक राहायला आल्यावर एक पूर्ण वर्ष वीज आणि पाण्याची नोंद, खोल्यांतले तापमान, आणि एक उन्हाळ्यातली व एक हिवाळ्यातली भेट, त्याच्या मोबदल्यासह. कोणत्या झडपा उघड्या राहतात, कोणत्या कागद लावून बंद केल्या आहेत, गॅलरीतल्या कोणत्या कोपऱ्यात कोणी बसत नाही, हे त्या भेटींतच कळते आणि त्यातले बरेचसे तेव्हा दुरुस्तही करता येते.